काळा धूर: जुनाट हिपॅटायटिस बी आणि शिणलेल्या टी पेशींचे एक प्रकरण

मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातले हे तांडेल, म्हणजे मासेमारी ट्रॉलरचे प्रमुख, २०२३ च्या जानेवारीत माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय ३६ होते आणि त्यांच्या मते त्यांना काहीही झालेले नव्हते. आदल्या महिन्यात, गावच्या जत्रेच्या दिवसांत भरलेल्या शिबिरात त्यांनी रक्तदान केले होते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस बीसाठी तपासणी करावीच लागते. त्या तपासणीत त्यांच्या रक्तात या विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे त्याच्या आवरणावरचे प्रथिन, सापडले, पिशवी बाद झाली आणि त्यांना बोलावून घेण्यात आले. सात-आठ खलाशांना घेऊन दोन-तीन दिवस समुद्रात राहणारा आणि जाळे ओढताना स्वतः हात लावणारा हा माणूस. कधी कावीळ झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. दारू ते घेत नव्हते. गेल्या वर्षभरात दुपारनंतर अंग जड होते, एवढीच एक तक्रार होती, आणि तीही सोबत आलेल्या पत्नीने सांगितली म्हणून नोंदवली गेली.

तपासण्यांचे चित्र असे होते. एसजीपीटी, म्हणजे यकृतपेशी दुखावल्या की रक्तात वाढणारे विकर, ७८, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०. विषाणूचा डीएनए दर मिलिलिटरला ४८,००० आंतरराष्ट्रीय एकके. ई-प्रतिजन नाही, एचआयव्ही नाही, हिपॅटायटिस सी नाही. ताज्या संसर्गात दिसणारी आयजीएम प्रकारची कोअर-प्रतिपिंडेही नाहीत. गोव्याहून करून आणलेल्या फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा ९.१ किलोपास्कल भरला, म्हणजे यकृतात व्रणाचे तंतू धरू लागले होते, पण सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी पुरते व्यापले जाणे, झालेला नव्हता.

मग घरातल्या सर्वांचे रक्त तपासले. आई बाधित, थोरला भाऊ बाधित. पत्नी बाधित नव्हती, परंतु तिच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडेही नव्हती. दोन्ही मुलांना जन्मानंतर लगेच लस मिळालेली होती आणि दोघेही सुरक्षित होती. तांडेलांचा जन्म १९८६ चा, घरीच झालेला. तेव्हा ही लस आपल्या सरकारी लसीकरणात नव्हती. ती २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. जन्माच्या वेळी आईकडून हा विषाणू मिळालेल्या बालकांपैकी सुमारे दहात नऊ जणांत तो जन्मभर मुक्काम करतो. तोच विषाणू प्रौढपणी मिळाला तर शंभरात पाचांपेक्षा कमी लोकांत तो टिकतो. तेव्हा या गृहस्थांच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी ३६ वर्षे, एकही दिवस खंड न पडता, त्याच एका शत्रूकडे पाहत होत्या, असा या तपासण्यांचा अर्थ होता. हे प्रकरण लिहून काढावे असे मला वाटले ते याच गोष्टीमुळे.

पिशवीतल्या तीन वस्तू

दुसऱ्या भेटीत त्यांनी टेबलावर एक पिशवी रिकामी केली. त्यात ग्लुकोज पावडरचा डबा होता, यकृताच्या टॉनिकची बाटली होती आणि आईने वाळवून दिलेली भुईआवळी होती. पहिल्या भेटीत मी त्यांना सांगितले होते की, विषाणूला मारणाऱ्या तुमच्या पेशी अनेक वर्षे लढून शिणल्या आहेत. त्यावर त्यांनी आपल्या परीने उपाय केला होता: शिणलेल्याला ताकद द्यायची, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे ग्लुकोज.

भुईआवळीचे आधी सांगतो. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की, तिच्या चूर्णाने ३७ पैकी २२ वाहकांच्या रक्तातून पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाले, आणि नुसती निष्क्रिय पूड घेतलेल्या २३ जणांत ते फक्त एकाच्या बाबतीत घडले. तो निकाल नंतरच्या चाचण्यांत पुन्हा मिळाला नाही. आईच्या मायेला न दुखावता मी ती बाजूला ठेवायला सांगितली. टॉनिकबद्दल बोलण्यासारखे काही नव्हते.

ग्लुकोजचा प्रश्न मात्र सरळ होता आणि योग्यही होता. पेशींना ऊर्जा ग्लुकोजपासून मिळते, त्या दमल्या आहेत, तर ग्लुकोज का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांतच मिळू लागले आहे, आणि ते समजून घेण्यासाठी टी पेशी, म्हणजे याच लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींपैकी एक, एरवी ऊर्जा कशी वापरते हे पाहावे लागते.

विसावलेली पेशी, लढणारी पेशी

विषाणूबाधित पेशी ओळखून मारण्याचे काम मुख्यतः सीडी ८ प्रकारच्या टी पेशींचे असते. अजून कोणताही शत्रू न भेटलेली टी पेशी रक्तात व लसीकाग्रंथींत निवांत फिरत असते आणि तिचा खर्च अगदी बेताचा असतो. ती ग्लुकोज व मेदाम्ले तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांमध्ये (मायटोकाँड्रिया), ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळते. एका ग्लुकोज रेणूतून अशा ज्वलनाने सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातले सुटे पैसे.

शत्रू ओळखला की हाच हिशेब उलटतो. पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-१ ही प्रथिने मोठ्या संख्येने येतात, पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेते आणि पुरेसा ऑक्सिजन असतानाही त्यातले बरेचसे अर्धवटच तोडून लॅक्टेटच्या रूपात बाहेर टाकते. ग्लुकोज तोडण्याच्या या जलद मार्गात, म्हणजे ग्लायकोलायसिसमध्ये, एका रेणूमागे फक्त २ एटीपी हाती लागतात. हा उधळेपणा वाटतो. कर्कपेशींत तो ऑटो वॉरबुर्ग यांना १९२० च्या दशकात दिसला, तेव्हा तंतुकणिका बिघडल्यामुळेच असे होत असावे, असे त्यांनी मानले. लढणाऱ्या टी पेशीत मात्र या मार्गाला प्रयोजन आहे. तिला काही दिवसांत स्वतःच्या हजारो प्रती काढायच्या असतात, ऐन भरात सहा-आठ तासांना एकदा विभागायचे असते, आणि नव्या पेशीसाठी लागणारे डीएनएचे व पेशीपटलाचे साहित्य याच जलद मार्गातून मधल्या मधे काढून घेता येते.

ऊर्जा आणि शस्त्र यांचा संबंध याहून थेट आहे. ग्लायकोलायसिसमधले जीएपीडीएच नावाचे विकर, ग्लुकोज तोडण्याचे काम नसेल तेव्हा, गॅमा इंटरफेरॉन बनवण्याचा संदेश वाहणाऱ्या आरएनएला चिकटून बसते आणि त्याचे प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही, असे २०१३ मध्ये दिसून आले. गॅमा इंटरफेरॉन हे हिपॅटायटिस बी विषाणूला यकृतपेशीच्या आतच दाबून टाकणारे प्रमुख शस्त्र आहे. म्हणजे पेशीचा जलद मार्ग बंद पडला तर ती नुसती मंदावत नाही, तिच्या हातातले शस्त्रही गळते.

लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी मागे उरतात. त्या पुन्हा काटकसरीकडे, मेदाम्लांकडे व तंतुकणिकांकडे वळतात आणि तंतुकणिकांची बरीच क्षमता राखीव ठेवतात, ज्यामुळे दुसऱ्या खेपेस त्या चटकन उठू शकतात. जलद खर्च, मग विसावा, मग राखीव साठा, असा हा क्रम आहे. जुनाट संसर्गात या क्रमातला विसावा येतच नाही.

शीण म्हणजे काय

इंग्रजीत या अवस्थेला एक्झॉशन म्हणतात. मी मराठीत ‘शिणलेल्या पेशी’ म्हणतो आणि प्रत्येक रुग्णाला लगेच हेही सांगतो की, हा शीण आणि दुपारी अंग जड होण्याचा शीण एक नव्हेत. शब्द एक असल्यामुळे गैरसमज होतो. तो इथेही झालाच होता.

ही अवस्था उंदरांवरील एका विषाणूमुळे नीट कळली. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस या विषाणूचे दोन प्रकार प्रयोगशाळेत वापरले जातात. आर्मस्ट्राँग प्रकाराचा उंदीर आठ-दहा दिवसांत बंदोबस्त करतो. क्लोन १३ हा प्रकार मोजक्याच अमिनो आम्लांनी वेगळा, पण तो महिनोन्‌महिने टिकतो. १९९८ मध्ये मूळचे हैदराबादचे आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठात काम करणारे राफी अहमद यांच्या गटाने दाखवले की, अशा टिकून राहिलेल्या संसर्गात विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी नाहीशा होत नाहीत. त्या जागेवर असतात, शत्रूला ओळखतातही, पण काही करत नाहीत. हे कसबही एकदम जात नाही. पेशी सोडत असलेल्या संदेशवाहक प्रथिनांपैकी आधी इंटरल्युकिन-२ बनवणे थांबते, मग ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, आणि सर्वांत शेवटी गॅमा इंटरफेरॉन. २००६ मध्ये याच गटाने दाखवले की, या पेशींवर पीडी-१ नावाचा ग्राही, म्हणजे पेशीला ‘थांब’ असा संदेश देणारे पृष्ठभागावरचे प्रथिन, ठासून भरलेला असतो आणि तो अडवला की पेशींचे काम काही प्रमाणात परत येते. पीडी-१ चा शोध जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला होता. त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

या सर्वाचा ऊर्जेशी असलेला संबंध २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी उलगडला. क्लोन १३ ची लागण झालेल्या उंदरांत, शीण पुरता दिसू लागण्याच्या आधीच, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, टी पेशींचा ऊर्जाव्यवहार कोसळलेला होता. ग्लुकोज आत घेणे कमी झालेले होते. तंतुकणिकांचा आकारमानाने पसारा वाढलेला होता, पण त्यांच्या पटलावर जो विद्युतभार असावा लागतो तो उतरलेला होता. म्हणजे यंत्रे जास्त आणि चालू यंत्रे कमी. याच्या मुळाशी पीडी-१ होता. तो नव्या, सशक्त तंतुकणिका घडवणारे पीजीसी-१ अल्फा हे नियंत्रक प्रथिन दाबून ठेवत होता. संशोधकांनी ते प्रथिन कृत्रिमरीत्या वाढवले तेव्हा पेशींची कामगिरी सुधारली. ऊर्जेची घसरण हा शिणाचा परिणाम नसून त्याच्या आरंभीच्या कारणांपैकी एक आहे, हे या प्रयोगाने पुढे आणले.

एकाच रक्तातल्या दोन पेशी

तांडेलांच्या प्रश्नाचे थेट उत्तर मात्र उंदरांत नव्हते. ते त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील माला मैनी यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामात होते, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे. त्यांनी जुनाट हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचे रक्त घेतले आणि एकाच माणसाच्या रक्तातल्या दोन प्रकारच्या टी पेशी शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या: हिपॅटायटिस बीला ओळखणाऱ्या आणि सायटोमेगॅलो विषाणूला ओळखणाऱ्या. सायटोमेगॅलो विषाणूही जन्मभर शरीरात राहतो, पण बहुतेक निरोगी माणसांत तो दबून असतो आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या पेशी धडधाकट राहतात.

दोन्ही पेशी एकाच रक्तातल्या. जेवण तेच, साखर तीच, ऑक्सिजन तोच. तरीही ग्लुकोज काढून घेतल्यावर सायटोमेगॅलोच्या पेशी तंतुकणिकांकडे वळून काम करत राहिल्या, आणि हिपॅटायटिस बीच्या, पीडी-१ भरपूर असलेल्या पेशींना ते जमले नाही. या शिणलेल्या पेशींवर ग्लुट-१ ची दारे उलट जास्तच होती. त्या ग्लुकोजवर पूर्णपणे विसंबलेल्या होत्या, कारण दुसरा मार्ग त्यांना उरला नव्हता. इंटरल्युकिन-१२ दिल्यावर तंतुकणिकांचा विद्युतभार सुधारला, ग्लुकोजवरचे अवलंबन कमी झाले आणि पेशी पुन्हा कामाला लागल्या.

इथे एक विसंगती दिसते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उंदरांत शिणलेल्या पेशी ग्लुकोज कमी घेताना दिसल्या, माणसांत त्या ग्लुकोजच्या आहारी गेलेल्या दिसल्या. विषाणू वेगळा, संसर्गाचा काळ वेगळा, पेशी जिथून घेतल्या ती जागा वेगळी. तेव्हा पूर्ण मेळ बसेल अशी अपेक्षाही नाही. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे: बिघाड तंतुकणिकांमध्ये आहे. २०१७ मध्ये इटलीतील पार्मा येथील कार्लो फेरारी यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तिथेच बोट ठेवले. जुनाट हिपॅटायटिस बीच्या टी पेशींत तंतुकणिका भार गमावतात आणि ऑक्सिजनची अर्धवट वापरलेली, दाहक रूपे बाहेर टाकतात, आणि नेमक्या तंतुकणिकांत जाऊन बसणारी प्रतिऑक्सिडक संयुगे प्रयोगशाळेतल्या पेशींना दिली तर त्यांचे विषाणूविरोधी काम बऱ्याच अंशी परतते, असे त्यांना आढळले.

हे सर्व मी तांडेलांना कागदावर दोन गोल काढून, अर्थातच इतक्या तपशिलात न जाता, सांगितले. एकाच रक्तात एक पेशी चालते आणि दुसरी चालत नाही, मग कमतरता रक्तातल्या साखरेची कशी असेल, असे मी विचारले. ते थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे डॉक्टर, इंजान काळो धूर सोडता तेव्हां डिझेल कमी पडलेला नसता. नोझल खराब झालेलो आसता.”

मी त्यांना ते नीट सांगायला लावले, कारण मला इंजिनातले कळत नाही. जाळे खाली सोडून ट्रॉलर ओढू लागला की इंजिनावर भार येतो. नोझल झिजलेला असेल किंवा हवेचा फिल्टर कोंदलेला असेल तर डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर येतो, ओढ कमी पडते आणि डिझेल मात्र नेहमीपेक्षा जास्त जाते. नवखा माणूस अशा वेळी रेस वाढवतो आणि धूर आणखी दाट होतो. इंधन भरपूर, ज्वलन अपुरे, अर्धवट जळालेल्याची काजळी यंत्राच्याच अंगावर, आणि सतत भार: पार्माच्या संशोधकांनी जे पाहिले ते याहून फार वेगळे नव्हते. ग्लुकोजचा डबा त्या दिवशी बंद झाला. मला त्यासाठी आणखी एक शब्दही खर्च करावा लागला नाही.

या रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींची अशी तपासणी आम्ही केलेली नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. रोजच्या वैद्यकीत तशी तपासणी केली जात नाही. पेशी किती ऑक्सिजन घेतात आणि किती आम्ल सोडतात हे मोजणारी उपकरणे संशोधनशाळांत असतात. वरील विवेचन त्यांच्यासारख्या रुग्णांवरच्या अभ्यासांतून घेतलेले आहे.

यकृताची बाजू

ही लढाई यकृतात चालते आणि यकृत हे टी पेशीसाठी अनुकूल मैदान नाही. आतड्यांतून येणाऱ्या अन्नातल्या परक्या रेणूंवर सतत हल्ला होऊ नये म्हणून यकृताची घडणच सहनशील असते. त्याच्या काही भागांत ऑक्सिजनही कमी असतो. शिवाय यकृतपेशी फुटल्या की त्यांच्यातले आर्जिनेज हे विकर बाहेर येते आणि टी पेशीला वाढीसाठी लागणारे आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवते. हे ऐकल्यावर आर्जिनिनच्या गोळ्या घ्याव्यात असे कोणालाही वाटेल. ग्लुकोजच्या डब्यामागचा तर्कही तोच होता.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिपॅटायटिस बी विषाणू स्वतः यकृतपेशीला मारत नाही. एसजीपीटी वाढते ती आपल्याच टी पेशी बाधित यकृतपेशींवर हल्ला करतात म्हणून. पीडी-१ ला चालना देणारे पीडी-एल-१ हे प्रथिन ज्यांच्यात नाही अशा उंदरांना क्लोन १३ ची लागण केली, तेव्हा ते विषाणूवर विजय मिळवून जगले नाहीत. स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीच्या माऱ्याने थोड्याच दिवसांत मेले. शत्रू हटत नसेल तर शस्त्र खाली ठेवणे ही शरीराने केलेली तडजोड आहे. म्हणून शिणलेल्या पेशींना कोणत्याही मार्गाने ‘चेतवणे’ हे आपोआप हिताचे ठरत नाही, आणि कर्करोगात वापरली जाणारी पीडी-१ अवरोधक औषधे या आजारात सरसकट देत नाहीत त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

उपचार, आणि मधला खंड

डीएनए २,००० च्या वर, एसजीपीटी वाढलेले आणि यकृतात तंतू धरलेले, त्यामुळे औषध सुरू करण्याबद्दल दुमत नव्हते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे औषध मोफत मिळते. २०२३ च्या फेब्रुवारीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम रोज एक गोळी सुरू झाली. पत्नीला लसीचे तीन डोस ठरवून दिले. गोळ्यांची एक डबी घरी आणि एक ट्रॉलरच्या केबिनमध्ये, होकायंत्राच्या बाजूला, प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात ठेवण्याची कल्पना त्यांचीच होती. सप्टेंबरमध्ये विषाणूचा डीएनए ‘आढळला नाही’ असा अहवाल आला, एसजीपीटी ३१ वर उतरले.

त्यानंतर ते आले नाहीत. २०२४ च्या जानेवारीअखेर आले ते भूक गेल्याची आणि उजव्या बरगडीखाली जडपणाची तक्रार घेऊन. एसजीपीटी २८६ होते आणि डीएनए २,१०,०००. डोळे पिवळे नव्हते, रक्त गोठण्याची चाचणी सुदैवाने ठीक होती. ‘आढळला नाही’ याचा अर्थ त्यांनी ‘आजार गेला’ असा घेतला होता आणि गोळ्या बंद केल्या होत्या. ही चूक मी त्यांच्या पदरात घालत नाही. अहवाल हातात देताना मी ‘छान आहे’ म्हणालो होतो आणि पुढचा रुग्ण आत घेतला होता. गोळी विषाणूच्या नकला काढणे थांबवते. यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचा जो बंद वर्तुळाकार डीएनए मूळ प्रत म्हणून बसलेला असतो, त्याला ती हात लावत नाही, हे त्या दिवशी सांगायला हवे होते आणि मी ते सांगितले नाही.

ही उसळी धोकादायक होती. तिने एक गोष्ट दाखवूनही दिली: शिणलेल्या पेशी मेलेल्या नव्हत्या. विषाणू वाढताच यकृतावर जो मारा झाला त्यात त्यांचा हात असणारच. त्यांच्यातला एक गट, टीसीएफ-१ हे प्रथिन बाळगणारा, मूळ स्वभाव टिकवून ठेवतो आणि त्यातूनच नव्या पेशी निघत राहतात. हे २०१६ च्या सुमारास अनेक गटांनी दाखवले आहे.

गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी समजावून सांगताना मी त्यांचेच इंजिन वापरले. पावसाळी बंदीत ट्रॉलर वर काढतात, इंजिन उघडतात, नोझल साफ होतो, झिजलेले भाग बदलतात. टी पेशीला अशी बंदी मिळत नाही. गोळीमुळे भार कमी होतो, पण बाधित यकृतपेशी पृष्ठ-प्रतिजन रक्तात सोडतच राहतात, आणि टी पेशीला ते दिसतच राहते. म्हणजे जाळे हलके झाले, वर आलेले नाही. “मग वर कधी येतला?” या त्यांच्या प्रश्नावर, बहुतेकांत फक्त गोळीने ते येत नाही, असेच उत्तर द्यावे लागले.

आणि भार पूर्ण उतरला तरी काय होते, याचे उत्तर हिपॅटायटिस सीने दिले आहे, कारण तो विषाणू आता औषधाने शरीरातून पूर्ण घालवता येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, बरे झालेल्या रुग्णांच्या टी पेशींनी स्मृतिपेशींची काही लक्षणे परत मिळवली होती, पण जनुकांच्या गुंडाळणीवर, म्हणजे कोणती जनुके उघडी आणि कोणती बंद हे ठरवणाऱ्या मांडणीवर, शिणाचे व्रण तसेच राहिले होते. ही गुंडाळणी एकदा बदलली की तंतुकणिकांना दिलेली तात्पुरती मदत कितपत पुरेल, हा आज या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. माझा कल स्पष्ट आहे: भार जितक्या लवकर उतरेल तितके बरे, आणि ऊर्जायंत्रणा दुरुस्त करणारे औषध उद्या हाती आले तरी ते विषाणू दाबणाऱ्या औषधासोबतच द्यावे लागेल. प्रतिऑक्सिडक म्हणून दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांचा आणि पार्मातल्या संयुगांचा संबंध जोडू नये. ती संयुगे तंतुकणिकेच्या आत शिरावीत म्हणून मुद्दाम घडवलेली होती आणि प्रयोग काचपात्रातल्या पेशींवर होता.

सद्यःस्थिती

२०२४ च्या डिसेंबरात डीएनए पुन्हा न आढळण्याइतका खाली गेला; २०२५ च्या मे महिन्यात एसजीपीटी २८ आणि यकृताचा कडकपणा ७.४ किलोपास्कल होता. पृष्ठ-प्रतिजनाची पातळी सुरुवातीला २,९०० एकके होती, ती २,४०० वर आली आहे, म्हणजे जवळपास तिथेच आहे. पत्नीच्या रक्तात लसीनंतर संरक्षक प्रतिपिंडे आली आहेत. आईचे यकृत तिच्या वयाच्या मानाने आश्चर्यकारक चांगले आहे आणि तिला सध्या फक्त देखरेख पुरेशी आहे. थोरल्या भावाचे तसे नाही. ते आठ वर्षांनी मोठे, विषाणू बहुधा त्याच आईकडून आलेला, पण त्यांनी रक्त कधीच दिले नव्हते, त्यामुळे कळण्यास उशीर झाला. त्यांच्या यकृताला सिरोसिस आहे. दोघा भावांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करायची ठरली आहे, कारण या विषाणूत यकृताच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असतानाही शून्य होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोक या विषाणूसह जगत होते आणि त्यांपैकी जवळपास तीन कोटी भारतात होते. आमच्या या पट्ट्यात गेल्या वर्षी तांडेलांनी आपल्या ट्रॉलरवरच्या सर्व खलाशांना तपासणीसाठी स्वतः आणले. एक जण बाधित निघाला, २४ वर्षांचा. त्याचे एसजीपीटी सामान्य आहे, यकृत मऊ आहे, डीएनए १,१०० आहे. त्याला आज औषध लागत नाही. तीन-तीन महिन्यांनी तपासणी लागते. त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख नारळी पौर्णिमेच्या आधीची घेतली आहे, कारण त्यानंतर तो समुद्रात असेल.